वाचनालयाची तीन घड्याळं : अमोनियाच्या धुलाईच्या नोंदी

१२ एप्रिल, अकोला

वाचनालयातली तीन लंबकाची घड्याळं आज घरी आणली. एक अन्सोनिया, अमेरिकन. दोन युंगहान्स, जर्मन. तिन्ही आठ दिवसांच्या चावीची. दोन बंदच आहेत, तिसरं चालतं पण टोल देताना मध्येच अडतं. मशीन उघडून पाहिली तर जुनं तेल वाळून लाखेसारखं झालंय, पितळी प्लेटांवर काळपट थर आहे आणि चाकांच्या दात्यांत धुळीचा कीट बसलाय. मागे कोणीतरी नुसत्या रॉकेलवर काम भागवलेलं दिसतं. रॉकेलने ओलं तेल निघतं, वाळलेला थर तसाच राहतो. त्यावर नवं तेल टाकलं की चार महिन्यांत मशीन पुन्हा जड.

तिन्ही अमोनियाच्या पाण्यात धुवायची ठरवली आहेत. पाणी, थोडा अमोनिया आणि थोडं ओलेइक आम्ल, म्हणजे तेलातून निघणारं आम्ल. अमोनिया आणि ओलेइक आम्ल मिळून साबण होतो, तो वाळलेलं तेल सोडवतो. उरलेला अमोनिया पितळेवरचा काळा थर विरघळवतो. चिंच-मीठ देवाच्या समईला ठीक आहे. घड्याळाच्या प्लेटवर घासलं तर भोकांत कण अडकतात, म्हणून मी ते कधीच वापरत नाही.

या वेळी नोंदी सविस्तर ठेवतोय. भाचा सुट्टीत शिकायला येतोय. मला हे काम कोणी कागदावर दिलं नव्हतं. बघून शिकलो आणि दुसऱ्यांच्या चुकाही बघूनच उचलल्या. त्याला लिहिलेलं मिळावं.

१४ एप्रिल

केमिकलच्या दुकानात गेलो. लिकर अमोनिया, म्हणजे पाण्यात विरघळलेला तिखट अमोनिया मागितला, अर्धा लिटर. दुकानातला मुलगा मोठ्या कॅनमधून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतायला निघाला. बाटलीवर पाण्याच्या कंपनीचं लेबल तसंच होतं. मी हात धरून थांबवला. तो म्हणाला, "काका, सगळे असंच नेतात."

सगळे असंच नेतात हे मलाही माहीत आहे. मी काम शिकलो त्या दुकानात पातळ केलेला अमोनिया सोड्याच्या बाटलीत असायचा. वैशाखातल्या एका दुपारी माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलाने तहानेच्या भरात ती बाटली तोंडाला लावली. एकच घोट, तोही लगेच थुंकला. तरी ओठ, जीभ आणि टाळू सोलून निघाले, आठ दिवस तो पेजेवर होता. अमोनियाला रंग नाही, तो पाण्यासारखाच दिसतो. वास येतो म्हणून कोणी पिणार नाही असं आपण समजतो, पण घशाला कोरड पडलेला माणूस बाटलीचं तोंड नाकाशी नेऊन बघत नाही. त्या दिवसापासून माझ्या खोलीत खाण्यापिण्याच्या कुठल्याही भांड्यात रसायन जात नाही.

शेवटी दुसऱ्या दुकानातून कंपनीची सीलबंद बाटली घेतली. पांढरी जाड प्लास्टिकची, ५०० मिली. लेबलवर २५ टक्के, घनता ०.९१. हे पाणी नेहमीच्या पाण्यापेक्षा हलकं असतं. बाहेरच्या देशांत घरगुती सफाईचा अमोनिया मिळतो तो साधारण ५ ते १० टक्क्यांचा. आपल्याकडे सुटा मिळणारा त्याच्या कितीतरी पट तिखट आहे. परदेशातल्या पुस्तकातलं माप वाचून इथल्या बाटलीतलं तेवढंच ओतायचं नाही.

आणखी एक गोष्ट, विदर्भातल्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाची. २५ टक्क्यांचं हे द्रावण साधारण ३८ अंशांना उकळायला लागतं. आज अकोल्याचं तापमान ४१ आहे. म्हणजे पत्र्याच्या दुकानात फळीवर ठेवलेली बाटली झाकणाच्या आत उकळण्याच्या बेतात असते. झाकण तेवढं तिला धरून असतं.

बाटली बादलीत उभी ठेवून, भोवती ओलं गोणपाट लावून स्कूटरच्या पायाशी आणली. डिकीत ठेवली नाही. बंद गाडीत तर कधीच आणू नये. वाटेत गळाली तर काच खाली करेपर्यंत डोळे उघडे राहणार नाहीत.

१५ एप्रिल

जागा. आजचा पूर्ण दिवस यातच गेला आणि मला तो वाया गेला असं वाटत नाही.

माझी कामाची खोली स्वयंपाकघराला लागून आहे. खिडकीला कूलर. उदबत्ती पेटवली, टेबलावर ठेवली आणि धूर कुठे जातो ते पाहिलं. कूलर चालू असताना धूर सरळ दाराच्या फटीतून स्वयंपाकघरात. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, मग आतली हवा मिळेल त्या वाटेने घरात शिरते. आईला दमा आहे. ती दिवसभर त्याच स्वयंपाकघरात असते. इतकी वर्षं मी उन्हाळ्यात कूलर लावून काम करत होतो आणि "काय वास सुटला रे घरभर!" असं ती म्हणायची, तेव्हा मी दार ओढून घ्यायचो. दार ओढल्याने काही होत नव्हतं, हे आज डोळ्यांनी दिसलं.

कूलर बंद, छताजवळचा एक्झॉस्ट पंखा चालू. धूर वर चढला आणि बाहेर गेला. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका, जवळपास निम्म्या वजनाचा, त्यामुळे पंखा वर असणं बरोबरच आहे. पण भांडं आणि पंखा यांच्या मध्ये माझं डोकं येत होतं. वास वर जाताना माझ्या नाकावरून जाणार.

मग मागच्या छपरीत गेलो. दोन बाजू उघड्या, वर पत्रा. पहाटे साडेपाचला पुन्हा उदबत्ती लावून पाहणार. शेजारच्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला आहे.

१६ एप्रिल

पहाटे वारा घराकडून शेताकडे. शेजारची खिडकी वाऱ्याच्या आड. तापमान २७. सातनंतर वारा फिरतो. म्हणजे रोज साडेपाच ते सात एवढाच वेळ. काम छपरीतच, वाऱ्याकडे पाठ न करता कडेने उभं राहून. पाठ केली की अंगामागे हवा घुटमळते आणि भांड्यातला वास उलट छातीशी येतो.

तेवढ्या वेळापुरतं आईला आत्याकडे पाठवायचं. ती चहा तिथेच घेईल, तिलाही आवडेल.

१७ एप्रिल

सामान जमवलं.

चष्मा चारी बाजूंनी बंद असलेला, रबराच्या कडेचा. वाचायच्या चष्म्याच्या बाजूने शिंतोडा सहज जातो. हातमोजे नायट्राइलचे, जाड, मनगटाच्या वर जाणारे. डॉक्टरांचे पातळ मोजे नुसते दिसायला मोजे आहेत. सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बंद बूट.

मुखपट्टीबद्दल स्पष्ट लिहितो. करोनात घरोघरी आलेला एन-९५ इथे कामाचा नाही. तो कण अडवतो, वायू अडवत नाही. रुमाल ओला करून बांधणं हे आम्ही दुकानात करायचो आणि त्याने धीर तेवढा यायचा. अमोनियासाठी रबरी मुखवटा आणि त्याला लावायची, वायू शोषणारी हिरव्या पट्ट्याची डबी लागते. हिरवा रंग अमोनियाचा. डबीवरची मुदत पाहून घेतली. पाकीट फोडलं की तारीख डबीवर लिहायची, कारण उघडी डबी नुसती हवा खाऊनही संपते. दाढी असेल तर मुखवटा गालाला चिकटत नाही. मी आज गुळगुळीत केली. भाचा दाढी ठेवून आला तर तो तिखट बाटली उघडताना जवळ उभा राहणार नाही.

आता पाणी. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं सतत पाण्याने धुवायचं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, मग थेट दवाखाना. आम्लापेक्षा अल्कली (अमोनिया त्यातलाच) डोळ्याला जास्त घातक, कारण ते वरच्या थरावर थांबत नाही, आत उतरत राहतं. पहिल्या काही सेकंदांत पाणी पोचलं पाहिजे. लिंबू, व्हिनेगर असलं काही डोळ्यात किंवा कातडीवर ओतायचं नाही, साधं पाणीच.

पण आमच्या घरात हे पाणी येणार कुठून? गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर हात लावू देत नाही, डोळ्यात घालणं तर दूरच. नळ रोज येत नाही. म्हणून छपरीच्या खांबाला वीस लिटरचा नळवाला कॅन बांधला, स्वच्छ पाण्याने भरलेला, सावलीत. नळाला हातभर रबरी नळी. शिवाय एक झाकलेली बादली आणि तांब्या.

डोळे मिटून कामाच्या टेबलापासून कॅनपर्यंत गेलो. पहिल्यांदा पाट आडवा आला, अडखळलो. पाट हलवला. पुन्हा गेलो. चार पावलं, डाव्या हाताला खांब, नळ कमरेच्या उंचीवर. पाच वेळा केलं. वीस लिटर १५ मिनिटं पुरतात का तेही पाहिलं, बारीक धारेने पुरतात.

१८ एप्रिल

आज बाटली उघडली.

रात्री बर्फ आणून ठेवला होता. बर्फाचा कारखाना अमोनियावरच चालतो, नळ्यांमधून फिरणारा अमोनियाच पाण्यातली उष्णता ओढून नेतो. तिथल्या माणसाला विचारलं, गळती झाली तर काय करता? तो म्हणाला, "ओलं फडकं तोंडावर, आणि वाऱ्याच्या उलट पळायचं." पाण्यात अमोनिया भरपूर विरघळतो, म्हणून ओलं फडकं पळण्यापुरतं उपयोगी पडतं. पण पळण्यापुरतंच, त्यावर उभं राहून काम करू नये.

पावणेपाचला बाटली बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवली, पाऊण तास. दुसऱ्या जाड प्लास्टिकच्या टोपात १८०० मिली थंड पाणी मोजून घेतलं. टोप पितळी, तांब्याचा, जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा नको, अमोनिया या धातूंना खातो. मुखवटा, चष्मा, मोजे. बाटली पुसली, छातीपासून लांब धरली, झाकण पाव आटा फिरवलं आणि थांबलो. बारीक सुस्कारा आला. तो संपेपर्यंत हात तसाच धरला. मग आणखी पाव आटा. गार केलेली बाटली एवढंच बोलते. भर दुपारी दुकानात उघडलेली बाटली मी पाहिली आहे. झाकण हातातून उडालं होतं आणि फेस मनगटापर्यंत आला होता.

२०० मिली मोजून पाण्यात सोडलं, टोपाच्या कडेने, पृष्ठभागाजवळून, सावकाश. पाण्यात अमोनिया, उलटं नाही. एकास नऊ केलं की २५ टक्क्यांचं साधारण सव्वादोन टक्के होतं. घड्याळाला तेवढं पुरतं. त्यात थोडं ओलेइक आम्ल, ढवळल्यावर पाणी दुधाळ झालं. वेगळ्या कॅनमध्ये भरून झाकण लावलं. बाटलीलाही लगेच झाकण.

पुष्कळ जण यात ॲसिटोन घालतात. मी घालत नाही. तो पटकन पेट घेतो, आणि छपरीच्या पलीकडे शेजारची चूल आहे.

द्रावणाच्या कॅनवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं : अमोनिया, सव्वादोन टक्के, १८ एप्रिल, पिऊ नये, ब्लीच मिसळू नये. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कामवालीला वाचता येत नाही, तिला सांग." बरोबर आहे. तिला बोलावून कॅन दाखवला, झाकणाला लाल फडकं बांधलं. लाल फडकं असेल त्याला हात लावायचा नाही, एवढं ठरलं.

१९ एप्रिल

पहिलं युंगहान्स. आधी कमान, म्हणजे चावीने भरते ती मोठी स्प्रिंग, उतरवून बाहेर काढली. भरलेल्या कमानीसकट मशीन कशातही बुडवू नये, हाताची बोटं जातील. लाकडी पेटी दुसऱ्या खोलीत. लाखेच्या पॉलिशवर अमोनियाचा थेंब पडला की पॉलिश विरघळून पांढरा डाग उमटतो.

चाकं आणि प्लेटा प्लास्टिकच्या जाळीत घालून सोडल्या. पहिली तीन मिनिटं काही नाही. मग प्लेटेच्या कडेने तपकिरी धागे सुटायला लागले, पाण्यात शाई पसरावी तसे, पण जड, खाली बसणारे. ते वाळलेलं तेल. आठव्या मिनिटाला चाकांच्या दांड्यांची टोकं (पिव्हट) फिरतात ती भोकं मऊ ब्रशने घासली. बाराव्या मिनिटाला बाहेर. पितळ आतून उजळलं होतं, पॉलिश केल्यासारखं चकाकणारं नाही, नव्या गव्हासारखं. लगेच साध्या पाण्यात, मग दुसऱ्या पाण्यात, मग फडक्याने टिपून गरम हवेखाली. पोलादी दांडे ओले राहिले तर तासाभरात गंजाचे ठिपके दिसतात.

नाकाबद्दल एक नोंद. सुरुवातीला वास झोंबतो, दहा मिनिटांनी कमी झाल्यासारखा वाटतो. कमी झालेला नसतो, नाक सरावतं. कामाच्या जागी अमोनियाची मर्यादा आठ तासांसाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आणि पंधरा मिनिटांसाठी ३५ पीपीएम आहे, आणि ३०० पीपीएम जिवाला धोका मानतात. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी अंगणात जाऊन परत यायचं, आणि परत येताना पहिल्या श्वासाला काय वाटतं त्यावर भरवसा ठेवायचा. डोळे चुरचुरले की काम बंद.

२३ एप्रिल

भाचा आला. दाढी आहे.

दुसरं युंगहान्स धुताना त्याला अंतरावर बसवलं. त्याने भांड्यात डोकावून विचारलं, "मामा, पाणी निळं कसं झालं जी?" तिसऱ्या धुलाईनंतर द्रावण फिक्या आकाशी रंगाचं झालं होतं. पितळेतलं तांबं अमोनियाला धरून पाण्यात उतरतं, त्याचा तो रंग. रंग सुरेख आहे पण ती घड्याळातून गेलेली वस्तू आहे. जितकं निळं, तितकं पितळ आपण खाल्लं.

मग त्याला काडतुसांची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्याच्या दिवसांत तबेल्यांजवळ साठवलेली असत आणि आपोआप तडकत. त्याला ऋतूची तडक असं नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये स्पष्ट झालं : घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ दाण्यादाण्यांच्या सीमेवरून फाटतं, वरून चकचकीत असतानाच.

घड्याळात असं ताणाखालचं पितळ असतं. पातळ पितळी स्प्रिंगा, दांड्यावर ठोकून बसवलेली चाकं. म्हणून बारा मिनिटं म्हणजे बारा मिनिटं, आणि पितळी स्प्रिंगा द्रावणात जातच नाहीत, त्या हाताने स्पिरिटमध्ये पुसतो. भाच्याने चिमट्याने एक स्प्रिंग उचलून उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिला. काही दिसलं नाही, पण बघण्याची सवय लागली हे चांगलं झालं.

२४ एप्रिल

चूक झाली. वाचनालयातून फोन आला, बोलत बाहेर गेलो आणि दुसऱ्या युंगहान्सच्या टोलाचं एक चाक पन्नास मिनिटं द्रावणात राहिलं. बाहेर काढलं तेव्हा चमक गेलेली आणि पृष्ठभाग गुलाबीसर. पितळेतलं जस्त निघून वर तांबं उरलं की असं दिसतं. दहापट भिंगाखाली दात्यांची मुळं तपासली, तडा नाही. चाक वापरतोय, पण वाचनालयाच्या कार्यवाहांना सांगितलं आणि घड्याळाच्या आतल्या कागदावर तारखेसह लिहून ठेवलं. पुढे जो कोणी उघडेल त्याला कळलं पाहिजे.

आजपासून फोन घरात, आणि कुकरच्या शिट्या मोजायचं आईचं टायमर टेबलावर.

२९ एप्रिल

४३ अंश. कोठीत ठेवलेली उरलेली ३०० मिलीची बाटली पाहायला गेलो. बूड फुगून गोल झालं होतं, बाटली फरशीवर डुगडुगत होती. कोठी घरातली सगळ्यात गार जागा, तरी ही गत.

फ्रिजमध्ये ठेवावी का, असं भाच्याने विचारलं. दुधाशेजारी नाही. दुधाशेजारी काहीच नाही.

हात न लावता बाटलीवर ओलं गोणपाट टाकलं. पहाटे साडेतीनला उठून बर्फाचं पाणी, पूर्ण तासभर. फुगवटा हळूहळू बसला. मग सगळंच्या सगळं २७०० मिली थंड पाण्यात मिसळून टाकलं. सव्वादोन टक्क्यांच्या द्रावणाला एवढा दाब येत नाही. पाच लिटरच्या कॅनमध्ये, वर मोकळी जागा ठेवून, सावलीत.

इथून पुढे नियम असा : आमच्या भागात मार्च ते जून तिखट अमोनिया घरात मुक्कामाला ठेवायचा नाही. आणायचा, गार करायचा आणि दुसऱ्या पहाटेच्या आत सगळा पातळ करायचा. तेवढाच आणायचा. हे मी वीस वर्षांपूर्वी ठरवायला हवं होतं.

३ मे

आज जे टळलं ते लिहिताना अजून हात जड आहे.

निळं झालेलं जुनं द्रावण, दोनेक लिटर, मोरीत ओतायला नेलं. दारातच वास आला, अमोनियाचा नाही, दुसरा. कामवालीने नुकतीच मोरीत ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली होती, पांढरी भुकटी ओली होऊन जाळीभोवती बसलेली. माझ्या हातात टोप तिरका झालेला होता. तो तसाच मागे घेतला.

अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन नावाचे वायू सुटतात. ते फुफ्फुसाचं ओलं अस्तर जाळतात. त्रास लगेच थोडा आणि काही तासांनी जास्त, असंही होतं. आमची मोरी चार बाय चारची, झरोका विटेएवढा. आत आई असती तर?

चूक तिची मुळीच नाही. तिला कॅनला हात लावू नको एवढंच सांगितलं होतं, ब्लीचचं मी सांगितलंच नव्हतं. आज संध्याकाळी आई, ती, भाचा आणि मी मोरीपाशी उभे राहिलो आणि बोलून घेतलं. ब्लीचिंग पावडर, पांढरं पातळ ब्लीच आणि त्या जातीचं काहीही अमोनियाजवळ नाही. मोरीतही नाही, एकाच फडक्यालाही नाही, एकाच बादलीतही नाही. संडास धुवायचं ॲसिडही ब्लीचबरोबर नाही, त्यातून क्लोरीन सुटतो. ती म्हणाली, "आम्ही तर दोन्ही मिसळूनच धुतो जी, लवकर निघते." ती पाच घरी काम करते. तिने ते पाचही घरी सांगितलं तर या सगळ्या नोंदींपेक्षा मोठं काम होईल.

याच यादीत आयोडीनही आहे. टिंक्चर आयोडीन आणि अमोनिया मिळून वाळल्यावर धक्क्याने फुटणारा पदार्थ होतो. कामाच्या टेबलावरच्या प्रथमोपचार पेटीतून टिंक्चरची बाटली काढून घरात ठेवली.

४ मे

वापरलेल्या द्रावणाचं काय करायचं? नाल्यात नाही, मासे थोड्याशा अमोनियानेही मरतात आणि तांबं त्याहून वाईट. बागेत नाही. असं केलं : छपरीत, बादलीत, लिंबूसत्व पाण्यात विरघळवून थोडं थोडं घालत गेलो, वास जाईपर्यंत. सावकाश, कारण बादली कोमट होते. गडद निळा रंग फिका पडला. मग त्यात भांडी घासायचा लोखंडी किस टाकला. दुसऱ्या दिवशी किसावर तांबूस साय धरलेली. पाण्यातलं बरंचसं तांबं लोखंडावर येऊन बसतं, शाळेत मोरचूद आणि खिळा करून दाखवतात तेच. किस वाळवून भंगारात. उरलेलं पाणी भरपूर पाणी घालून मोरीत, आणि त्या दिवशी मोरीत ब्लीच नाही.

हे बादलीसाठी, पुन्हा लिहितो. अंगावर सांडलं तर लिंबूसत्व नाही, पाणीच.

११ मे

अन्सोनिया धुऊन झालं. बारा मिनिटं, टायमरवर. भाच्याने दाढी काढली आणि मुखवटा नीट बसतो का ते स्वतः तपासलं : डबीचं तोंड तळव्याने दाबून श्वास ओढला, मुखवटा गालाला चिकटून राहिला. त्यानंतर त्याच्या हाती ब्रश दिला.

एका गृहस्थांनी आज इंग्रजी घड्याळाची रुपेरी तबकडी आणली, "तुमच्या त्या पाण्यात घाला" म्हणाले. नाही घातली. चांदीचे क्षार आणि अमोनिया यांचं पाणी साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक गाळ बसू शकतो. पाऱ्याच्या लंबकालाही हाच नियम. तबकडी परत दिली.

२ जून

तिन्ही मशीन जोडली, तेल दिलं. भिंतीवर आठ दिवस तपासणी. अन्सोनिया दिवसाला दोन मिनिटं पुढे जातंय, लंबकाचं गोळं अर्धा आटा खाली घेतलं.

१२ जून

तिन्ही घड्याळं वाचनालयात लावली. टोल तिघांचेही स्वच्छ, एकामागोमाग. भाचा परवा परत जातोय.

छपरी आवरली. कॅनमधलं शेवटचं द्रावण निवळवून संपवलं. रिकामी पांढरी बाटली तीन पाण्यांनी धुतली, झाकण वेगळं केलं. लेबल सोलून टाकावं असं भाचा म्हणाला. लेबल राहू दिलं आणि कात्रीने बाटलीचं बूड कापून काढलं, म्हणजे कोणी तिच्यात पाणी भरणार नाही. दोन्ही तुकडे भंगारवाल्याच्या पोत्यात माझ्या हाताने टाकले.